दगडापाशी बावीस रोपं

मानसिंग शेडगे मोजल्याशिवाय काही करत नसे. मुंबईच्या जुन्या बाजारात आणि मग तुर्भ्याच्या फळबाजारात मिळून चौतीस वर्षं त्याने माल वाहिला. लोकांना वाटतं, माथाडी पाठीने काम करतो. अर्धं काम डोक्यात होतं. गाडीत किती होतं, किती उतरलं, किती फुटलं, हे ज्याच्या ध्यानात राहतं त्याला दुपारी कोणाशी वाद घालावा लागत नाही. मानसिंगच्या ध्यानात राहायचं. म्हणून त्याला आजही नक्की ठाऊक आहे की आठ वर्षांपूर्वीच्या आषाढात, तळवलीच्या मोठ्या तारांखाली, सपाट दगडाभोवती गाजरगवताची बावीस रोपं होती. तेविसावं असतं तर ते त्याला दिसलं असतं.

मानसिंग मूळचा खटावकडचा. राहायला घणसोलीत, माथाडींच्या वसाहतीत. बायको मुक्ताबाई, एक मुलगी वैष्णवी, तिचं लग्न झालेलं. गावाकडची जमीन भावांकडे, गुरं केव्हाच विकलेली. बाजारातून सुटला की इतर लोक पत्त्यांच्या डावावर बसत. मानसिंग तळवलीला जाऊन नामा मढवीच्या गायींपाशी बसे.

नामा तळवलीचा. भातशेती गेली, खाचरांवर इमारती आल्या, गावातल्या लोकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. नामाने गोठा मोडला नाही. विजेच्या मोठ्या मनोऱ्यांची रांग डोंगराकडून उतरते, तिच्याखाली कोणाला बांधता येत नाही. तेवढा चार-पाच एकरांचा पट्टा उघडा राहिला होता. त्यावर नामाच्या तीन गायी आणि एक कालवड चरत. पावसाळ्यात तिथे मांडीएवढं गवत व्हायचं. मार्वेल, पवन्या, मधे मधे टाकळा. टाकळ्याला गाय तोंड लावत नाही, पण नामाची बायको गोजरा त्याची कोवळी पानं खुडून भाजी करायची. बाकीचं सगळं गायींचं होतं.

पंचाईत उन्हाळ्यात यायची. फाल्गुनापासून पट्टा खरवडल्यासारखा होई आणि गायी उकिरड्यावरच्या पिशव्या चघळत. एकदा मानसिंगने बालीच्या, म्हणजे थोरल्या गायीच्या तोंडातून हातभर प्लास्टिक ओढून काढलं. त्या दिवशी तो घरी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला इलाज दिसला. तो रोजच समोर होता, नजर आता गेली.

कलिंगडाच्या गाड्या याच दिवसांत येतात. देशावरून येतात आणि माल सुटा असतो. वर उभा राहणारा फेकतो, खालचा झेलतो, हातोहात गाडी रिकामी होते. फळ आपटू नये म्हणून गाडीत खाली वीतभर पेंढा आणि वाळलं गवत अंथरलेलं असतं. गाडी खाली झाली की मागचा फाळका उघडून ते सगळं बाहेर ढकलून देतात. झाडूवाले ते कचऱ्यात टाकतात. मानसिंगने दोन फाटकी पोती घेतली आणि भरली. ओला पेंढा घेतला नाही, फळाचं पाणी लागलेला घेतला नाही. घणसोलीकडे जाणारा एक टेम्पोवाला ओळखीचा होता. त्याच्या मागच्या बाजूला पोती टाकून तो तळवलीला आला.

असं त्याने सहा उन्हाळे केलं. एकही आठवडा चुकवला नाही.

आणि नुसता पेंढा आणून टाकला नाही. पेंढ्यात खिळा असतो, सुतळी असते, बाटलीची काच असते. हे गायीच्या पोटात गेलं तर गाय जाते. म्हणून पट्ट्याच्या कडेला जो सपाट दगड होता, त्यावर तो मूठ-मूठ पेंढा आपटून झटकायचा. धूळ, माती, बारीकसारीक सगळं खाली पडलं की मगच गायींपुढे टाकायचा. दोन पोती झटकायला पाऊण तास लागे. नामा म्हणायचा, एवढा तर कोणी तांदूळही निवडत नाही. मानसिंगला ते ऐकून बरं वाटे. गायींनी अंग धरलं. नामा गावात सांगत फिरे की माझ्या गायींना देशावरचा माणूस चारतो.

सहाव्या वर्षीचा पावसाळा. दुपारी मानसिंग पट्ट्यावर गेला तर दगडाभोवती हिरवी चकती उठली होती. गवत नव्हतं. जमिनीला चिकटून पसरलेली, गाजराच्या पानासारखी कातरलेली पानं.

त्याला ओळखायला क्षणही लागला नाही. खटावला बांधाबांधावर, ओढ्याकडेला, शाळेच्या मैदानात हेच माजलं होतं. त्याच्या आईच्या कोपरापासून बोटांपर्यंत याची खाज होती, मरेपर्यंत गेली नाही. इकडे, खाडीकाठच्या या पट्ट्यात, त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. नामाने तर नव्हतंच नव्हतं.

मानसिंग उभ्या उभ्या मोजत गेला. बावीस. माती ओली होती. मूळ धरून ओढलं असतं तर अख्खं हातात आलं असतं. अर्धा तासही लागला नसता.

तो वाकला नाही.

का वाकला नाही, याची कारणं त्याने पुढे स्वतःला पुष्कळ दिली. त्या दिवशी तो जावयाकडे निघाला होता, अंगात परीटघडीचा सदरा होता. हे एक. दुसरं कारण जरा वजनाचं. बाजारात एक रीत असते. ज्या टोळीचा माल, त्याच टोळीने हात लावायचा. दुसऱ्याच्या थप्पीला हात लावला की तंटा होतो. चौतीस वर्षांत मानसिंगने परक्या थप्पीला बोट लावलं नव्हतं. जागा नामाची, गवत नामाचं, आपण कोण? असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते पटतही होतं, कारण त्याच रितीवर तो जगला होता.

पण नेमका त्याच वेळी नामा मागून आला. दगडापाशी उकिडवा बसला, एक पान खुडून त्याने हुंगलं.

“यो पाला कंचा रं, मानसिंग? आमच्याकरं आदी कदी नाय बगितला.”

मानसिंगच्या तोंडाशी नाव आलं होतं. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, आलं कुठून. मग दगड, मग पेंढा, मग सहा उन्हाळे.

“असंल कसलं तरी रानगवत,” तो म्हणाला. “पावसाचं उगवतंय.”

नामाने पान टाकलं आणि उठला. देशावरचा माणूस सांगतो म्हणजे तसंच असणार.

पुढच्या वर्षी दगडापासून तारांच्या पहिल्या मनोऱ्यापर्यंत पांढरी बारीक फुलं होती. मानसिंगने पेंढा आणणं बंद केलं. निवृत्ती जवळ आली, आता गाड्यांवर पहिल्यासारखं जाणं होत नाही, असं त्याने नामाला सांगितलं. बंद करून उपयोग नव्हता. बी पडलेलं होतं. त्यानंतरच्या वर्षी अर्धा पट्टा गेला.

गाजरगवत बाकीच्या गवताला वर येऊ देत नाही. मार्वेल विरळ झालं, पवन्या दिसेनासा झाला. गायी आधी ते टाळत, पण पोट रिकामं असलं की जनावर किती टाळणार? त्या अधूनमधून खाऊ लागल्या आणि दूध कडवट यायला लागलं. नामाची गिऱ्हाइकं समोरच्या इमारतींमधली. एकेक करून बहुतेकांनी पिशवीचं दूध सुरू केलं. नामाला वाटलं, गायींना नजर लागली. गोजराने मिरच्या उतरून टाकल्या.

मानसिंग तोवर निवृत्त झाला होता. तो झपाटल्यासारखा कामाला लागला. विळा घेऊन सकाळी सातला पट्ट्यावर हजर. कामात तो अजून कोणाला हार जाणारा नव्हता. जुन्या टोळीतल्या हौसेरावलाही त्याने बोलावलं. दोघांनी नऊ दिवसांत सगळा पट्टा कापून साफ केला आणि कापलेल्याचे ढीग घातले. हौसेरावने कमरेवर हात ठेवून मागे पाहिलं आणि म्हणाला, “बघा, कामाचं चीज झालं.”

पंधरा दिवसांनी प्रत्येक बुंध्यातून चार-चार फुटवे आले. ढिगांमधलं बी वाऱ्याने पलीकडच्या नाल्यापर्यंत गेलं. नऊ दिवसांची मेहनत खरी होती, पण ती जमिनीच्या वरची होती. मानसिंगने कधी अर्धं काम केलं नव्हतं. हे अर्धंही नव्हतं. हे उलटं काम होतं.

नामाची पद्धत निराळी होती. तो बसून एकेक रोप उपटायचा. सावकाश, दोन्ही हातांनी, गायींशी बोलत. पद्धत बरोबर होती. हात उघडे होते, हे चूक. मानसिंगला आईचे हात आठवत. हातमोजे घाल, असं त्याने एक-दोनदा सांगितलं. नामा हसला. पाल्याला कसले हातमोजे, तो काय साप आहे?

त्या पावसाळ्यात मंजुषा तिथे आली. समोरच्या सोसायटीत राहणारी, बँकेत नोकरीला, पण शिकलेली शेतीचं. दूध शेवटपर्यंत न सोडणाऱ्या दोन घरांपैकी एक तिचं. कडू चव कशाची, ते पाहायला ती मुद्दाम पट्ट्यावर उतरली. मानसिंग आणि नामा दोघंही तिथेच होते. तिने त्या झाडाचं नाव सांगितलं, जे मानसिंगला तीन वर्षं ठाऊक होतं. मग तिने काय करायचं तेही सांगितलं. कापायचं नाही. फुलं यायच्या आधी, माती ओली असताना, मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून. टाकळ्याचं बी गोळा करून पाऊस पडायच्या आधी फेकायचं, टाकळा दाट उगवला की याला जागा देत नाही. बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, तेव्हा एका हंगामात संपेल असं समजू नका.

“पण काका, हे आलं कुठून?” तिने नामाला विचारलं. “बहुतेक बाहेरच्या चाऱ्यातून येतं. तुम्ही बाहेरून काही आणत होता?”

“भायेरचा कवाच नाय,” नामा म्हणाला. मग त्याला आठवलं. “यो मानसिंग पेंढा आनायचा उनाल्यात. पन त्यो तं झटकून द्यायचा. त्या दगडावर. एक काडी घान नाय जाऊ दिली जनावराच्या पोटात.”

मंजुषाने दगडाकडे पाहिलं. मग मानसिंगकडे पाहिलं. तिला कळलं होतं. वयाने मोठ्या माणसाला बोलायची संधी द्यावी, असं तिला वाटलं असेल. तिने सावकाश छत्री मिटली, पुन्हा उघडली. मानसिंगने खाली पाहत खुरप्याची माती पुसली. ती गेली.

ही दुसरी वेळ.

पुढच्या वर्षी नामाचं अंग उठलं. आधी बोटांच्या बेचक्यात, मग मानेवर, मग पापण्यांवर. कातडी जाड आणि काळी पडली, भेगा पडल्या. उन्हात गेला की आग व्हायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या झाडाजवळही जायचं नाही, वाऱ्याने कण आले तरी बाधतील. नामा महिनाभर ऐकून बसला. गोजराने गायी चारायला नेल्या, पण तिचे गुडघे गेलेले, तारांपर्यंत चढ. विकतचा चारा सगळ्या गायींना पुरवणं त्या घराला शक्य नव्हतं. मुलगा अभय बंदरात कामाला, पहाटे जाऊन रात्री येणारा. जासईच्या पुढे गोजराच्या माहेरच्या नात्यात एकाचा गोठा होता. तो गायी न्यायला तयार झाला.

टेम्पो सकाळी आला. गायी गाडीत चढवायच्या तर माहीतगार माणूस हवा, म्हणून गोजराने मानसिंगला निरोप धाडला होता. त्याने फळी लावली, फळीला पोतं बांधलं. खुर घसरू नयेत म्हणून टेम्पोत पेंढा अंथरला. पेंढा अंथरताना त्याचा हात थांबला. हा पेंढा भाताचा होता, गावातला, स्वच्छ. तरी थांबला.

नामा पडवीत बसून होता, तोंडाला ओलं फडकं लावून. बाली चढायला तयार नव्हती. नामाने बसल्या जागेवरून हाक दिली तशी ती चढली.

टेम्पो वळणावरून गेला. गोजरा गोठ्यात गेली आणि रिकाम्या दावणी गोळा करायला लागली. मानसिंग पडवीच्या पायरीवर बसला. मग त्याने सांगितलं. फार शब्द वापरले नाहीत.

“नामा, ते गवत माझ्या पेंढ्यातनं आलं. पैल्या साली दगडापाशी बावीस रोपं व्हती. म्या मोजली व्हती. म्या वळखलं व्हतं.”

नामाने फडकं तोंडावरून काढलं. त्याच्या पापण्या सुजून डोळ्यांच्या चिरा उरल्या होत्या. मुळात त्याला पेंढ्याचं काही वाटलं नसावं, कारण तो विषय त्याने दोन वाक्यांत संपवला.

“पेंढा तू जनावरांच्या पोटासाटी आनलास. त्याचा राग नाय.”

मानसिंग वाट पाहत राहिला.

“मी तुला इचारला व्हता,” नामा म्हणाला. “पान हातान घेऊन इचारला व्हता.”

“व्हय.”

“बावीस रोपां. मी पानी पिऊन येइपर्यंत उपटली असती.”

“लाज वाटली, नामा.”

नामाने फडकं पुन्हा तोंडावर घेतलं. गोजरा गोठ्याच्या दारात दावणी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने चहा ठेवला नाही. त्या घरात मानसिंगला चहा न मिळाल्याचा तो पहिला दिवस.

याला चार वर्षं झाली.

मानसिंग आता सहासष्ट वर्षांचा आहे. आषाढ लागला की आठवड्यातून चार सकाळी तो तारांखाली जातो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकाला फडकं, एक खुरपं, एक पोतं. दगडापासून सुरुवात करतो आणि दोरी लावून पट्टा-पट्टा पुढे सरकतो. उभ्याने उपटत नाही. बसतो, मुळाशी बोटं घालतो, दोन बोटांनी हलवून सैल करतो आणि सरळ वर ओढतो. मूळ तुटलं तर खुरप्याने खोदून काढतो. झटकत नाही. उपटलेलं जागेवर टाकत नाही. फूल आलेलं रोप सापडलं तर आधी फुलावर पिशवी चढवतो. एका सकाळी दोन गुंठेही होत नाहीत. टोळीत असता तर अशा कामाला तो हसला असता.

मुक्ताबाई म्हणते, आता कोणासाठी करताय, तिथे एक शेळी तरी राहिली आहे का? तो हातमोजे घेऊन निघतो. कंबर धरते तेव्हा ती शेक देते आणि तेच पुन्हा विचारते.

पहिल्या वर्षी गोजराने त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात ती स्वतःच पट्ट्यावर आली. टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा ओच्यात भरून नेल्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या पोत्याशेजारी बी ठेवून गेली. त्याने ते पेरलं. आता दगडापासून पहिल्या मनोऱ्यापर्यंत टाकळा दाट आहे आणि त्यात गाजरगवत क्वचितच डोकं काढतं. पण टाकळा गायी खात नाहीत. जिथे चरायचं गवत होतं तिथे आता भाजी आहे. मार्वेलचे ठोंब कुठे कुठे दिसतात, तर मानसिंग त्यांच्याभोवतीचा टाकळाही काढतो आणि जागा मोकळी ठेवतो. चार वर्षांत असे ठोंब सतरा झाले आहेत. एका गायीला ते दोन दिवस पुरणार नाहीत.

पहिल्या मनोऱ्यापलीकडचं, चारातले तीन हिस्से रान अजून पांढरं आहे.

कधी कधी तो हिशेब मांडतो, वेळेचा. तेव्हा अर्धा तास होता. आता चार पावसाळे झाले आणि पाव पट्टा झाला. तो तब्येतीने धडधाकट आहे, अजून दहा पावसाळे वाकता येईल. तरी पुरणार नाही. आयुष्यात त्याने एवढी पोती उचलली, आणि जे अर्ध्या तासाचं काम टाकलं ते काही त्याला उचलता येत नाही.

काम संपलं की तो परतताना नामाच्या घरावरून येतो. हातमोजे आणि सदरा आधीच नळावर धुऊन पिशवीत बंद केलेले असतात, कारण त्याचा कण नामापर्यंत जाता कामा नये. तो पायरीवर चढत नाही, अंगणात थांबतो. नामा पडवीत असतो. अंग पुष्कळ सुधारलं आहे, पण पापण्या काळ्याच राहिल्या. पहिल्या पावसाळ्यात तो मानसिंगला बघून आत जायचा. आता जात नाही. बस असंही म्हणत नाही.

या श्रावणात एका सकाळी मानसिंग अंगणात थांबला तसा नामा म्हणाला, “दगडाकरं बगितलास?”

“बघितलं.”

“किती?”

“तीन.”

“मुलासकट?”

“मुळासकट. एकाचं तुटलं व्हतं, खणून काढलं.”

नामाने मान हलवली. आतून जासईचा फोन वाजत होता. एखादी गाय व्याली होती की काय ते सांगायला असेल, म्हणून गोजरा लगबगीने आत गेली. नामाही भिंतीला धरून उठला. दारात थांबून त्याने मागे पाहिलं.

“परवा परत बग,” तो म्हणाला, आणि आत गेला.